न गिळलेला घोट

सुशांत परबचं नाक म्हणजे अजब चीज. मोड आणलेल्या सातूची सिंगल माल्ट व्हिस्की गाळणारी भट्टी घाटापलीकडे, पण नमुने चाखायची खोली परळात, आणि तिथे हा बरीच वर्षं नोकरीला. नुसतं हुंगून सांगायचा, ही अमेरिकन बर्बन व्हिस्कीच्या जुन्या पिंपातली, नारळाच्या वडीसारखी. ही शेरी वाईनच्या पिंपातली, काळ्या मनुकांची. आणि ही धुरावलेली, चुलीवर टांगलेल्या सुक्या बांगड्यासारखी. मग घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. आजवर एक थेंब त्याच्या घशाखाली गेला नव्हता.

हसा खुशाल, पण त्याला कारण होतं. गिरणी बंद पडल्यावर वडील दारूपायी गेले. सुशांतला ही नोकरी लागली तेव्हा आईनं, कमलबाईंनी, त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होती, "थेंब गिळलंस तर माझा मेलेला तोंड बघशीत." करी रोडच्या खोलीत मायलेक दोघंच. मोडणार कशी?

आता चाखणाऱ्यांच्या प्रमुख मीनाक्षी मॅडम निवृत्त होणार होत्या. त्यांची खुर्ची त्यालाच मिळायची, पण एक अडचण होती. व्हिस्की गिळल्यावर घशात मागे काय उरतं, हे तो इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकून ठोकून देत आला होता, आणि मॅडमनी ते बरोब्बर पकडलं.

"उद्या माझ्यासमोर एक घोट गिळ," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी दुसऱ्याचं नाव देते."

बिचारा पुरता कात्रीत सापडला. शेवटी त्यानं ठरवलं, आईलाच विचारावं. ज्यानं शपथ घातली त्यानं 'सुटली' म्हटलं की शपथ सुटते, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

कमलबाई कोळंबी सोलत बसल्या होत्या. सगळं सांगून तो म्हणाला, "आई, एकदा सुटली म्हण ना."

त्यांनी मानही वर केली नाही. "ती मी कधीच सोडवलंय. पयल्याच महिन्यात तुझ्या तोंडाक वास इलो. तेवाच देवाक गाऱ्हाणा घातलंय, पोराक माफ कर म्हणान."

सुशांत तिच्यासमोर खाली बसला. "अगं, मी थुंकतो. आजवर गिळलेली नाही."

"तुझो बापूस पण असाच सांगायचो," कमलबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं. त्याला वाटायचं, आपल्यामुळे आई निर्धास्त झोपते. ती इतकी वर्षं एका दारुड्याला जेवायला वाढत होती.

शपथ सुटली होती, पण आता गिळणं म्हणजे आईचं म्हणणं आपल्या हातानं खरं करणं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी पेला पुढे सरकवला. सुशांतनं घोट घेतला, घोळवला आणि नेहमीसारखा थुंकला. खुर्ची दुसऱ्याकडे गेली.

घरी येऊन त्यानं आईला तेवढंच सांगितलं, खुर्ची नाही मिळाली. कमलबाईंनी त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि पदरानं डोळे पुसले.

"पिऊन गेल्यार कोण देतलो, बाबा?"