संपर्क होत नाही

अर्पिता आमच्या ऑफिसात आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. कुंभार पिंपळगावची. वडील म्हस्कू पूर्वी मेंढरं घेऊन आठ-आठ महिने घराबाहेर असायचे. पुढं कळप विकून रोजंदारीला लागले. मुलगी जालन्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून प्रोग्रामर झाली होती. तो शब्द त्यांच्या तोंडात नीट बसायचा नाही, पण भेटेल त्याला ते तो ऐकवायचेच.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि पाच माणसं. मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, म्हणून ती मला संघपालदादा म्हणायची. तिनं लिहिलेलं काम पुढं जाण्याआधी मी वाचायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

एका संस्थेच्या रुग्णवाहिकांसाठी आम्ही ॲप करत होतो. कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की ड्रायव्हरनं बटण दाबायचं आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात विषावरची लस शिल्लक आहे ते ॲपनं सांगायचं. चाचणी चालू असताना वडीगोद्रीचा ड्रायव्हर कल्याण फोन घेऊन ऑफिसात आला. स्क्रीनभर लाल इंग्रजी अक्षरं.

"मॅडम, माझ्या हातून काई बिघडलं का?"

अर्पिता म्हणाली, "तुमचं काईच चुकलं न्हाई, दादा. मी बराबर करून देते."

त्याच दिवशी तिनं बदल केला. प्रोग्राममध्ये कुठंही बिघाड झाला तरी तो पकडायचा आणि त्याच्या जागी आपली साधी एरर पुढं पाठवायची: 'संपर्क होत नाही. पुन्हा प्रयत्न करा.' ड्रायव्हर खूश झाले. मी कोड वाचला, "छान" म्हटलं आणि मंजूर केला.

बिघाड होतो तेव्हा त्या एररसोबत एक माग येतो. कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीवर अडलं, प्रोग्राम तिथवर कुठून कुठून आला, सगळं त्यात लिहिलेलं असतं. वरून सोपं वाक्य घालायला हरकत नसते. फक्त जुनी एरर नवीच्या पोटात जपून ठेवायची असते. अर्पितानं जुनी टाकून दिली होती. एका शब्दाची भर घालायची राहिली आणि ते माझ्याही लक्षात आलं नाही.

दोन वर्षं काही अडलं नाही. मग ऑगस्टमधल्या एका दुपारी वडीगोद्रीजवळच्या वस्तीवर गवत कापताना गोपिकाबाईंना पान लागलं. कल्याण दहा मिनिटांत पोचला. त्यांना गाडीत घेतलं, बटण दाबलं. 'संपर्क होत नाही. पुन्हा प्रयत्न करा.' फोनला रेंज पूर्ण होती. फाट्यावर गाडी उभी करून त्यानं नऊ वेळा प्रयत्न केला. शेवटी स्वतःच्या माहितीतल्या दवाखान्यात नेलं, तर तिथली लस आदल्याच दिवशी संपली होती. दुसऱ्या दवाखान्याच्या वाटेवर गोपिकाबाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नोंदी उघडल्या. तीन आठवड्यांत एकशेचाळीस वेळा तेच वाक्य. प्रत्येकाखाली एकच फाइल, एकच ओळ: अर्पितानं नवी एरर जिथं बनवली होती ती. त्याच्या मागं काहीच नाही.

"दादा, हे सगळे बिघाड माझ्याच ओळीपासून सुरू झाल्यासारखे दिसून राह्यले," ती म्हणाली. "खरा कुठं झाला, ते मीच पुसून टाकलंय."

त्या तीन आठवड्यांत ते वाक्य आमच्याही नजरेस पडलं होतं. नेटवर्क गेलं असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं. आम्हीच लिहिलेल्या वाक्यावर आम्ही विश्वास ठेवला.

मूळ कारण शोधायला दोन दिवस लागले. एका दवाखान्याच्या नोंदीत लशीच्या आकड्याची जागा रिकामी राहिली होती. प्रोग्रामला तिथं आकडा हवा होता. त्या भागातल्या गाडीनं बटण दाबलं की प्रोग्राम तिथं येऊन बंद पडायचा. माग शाबूत असता तर पाच मिनिटांचं काम होतं, आणि तेही तीन आठवडे आधीच.

आमचे मालक अण्णासाहेब म्हणाले, "संस्थेच्या अहवालात नेटवर्कचा प्रॉब्लेम लिहा. पोरी, तू काई मुद्दाम केलं का?"

"न्हाई केलं. पण नेटवर्क बिलकुल गेलं नव्हतं, सर."

तिनं जसं घडलं तसं लिहिलं. खाली तिच्या नावाशेजारी मी माझं नाव घातलं. अण्णासाहेबांनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला आणि शेवटी पाठवला.

गोपिकाबाईंच्या घरी जायचं तिनंच ठरवलं. तेराव्यानंतर आम्ही दोघं बसनं गेलो. त्यांचे पती कचरू पत्र्याच्या सावलीत बसले होते. मुलगी मोनिका सासरहून आली होती. अर्पितानं उभ्यानंच सगळं सांगितलं: ॲप, ते वाक्य, रिकामी जागा. जमेल तितक्या सोप्या भाषेत, काही न वगळता.

कचरूंनी विचारलं, "मंग ती वाचली असती का?"

"डॉक्टर म्हनतात, सांगता येत न्हाई, बाबा. वेळ वाचला असता, एवढंच मला ठाऊक हाये."

त्यांनी मान हलवली. मोनिका मात्र पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाली, "तुमी हे सांगायला कशाला आल्या? आमाला कळावं म्हनून, का तुमाला हलकं वाटावं म्हनून?"

परतीच्या बसमध्ये अर्पिता अंबड मागं पडल्यावर म्हणाली, "तिचं खरं होतं, दादा. मला हलकं व्हायचं होतं."

पुढचे पंधरा दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. जुनी एरर टाकून दिलेल्या अशा एकसष्ट जागा निघाल्या. प्रत्येक ठिकाणी जुनी एरर नव्या एररमध्ये ठेवली, मागातली एकही ओळ गळत नाही हे मुद्दाम बिघाड करून तपासलं. एकसष्टावी जागा झाली आणि तिनं राजीनामा दिला. मी थांबवायचा प्रयत्न केला.

"लिहिताना हात थांबतो, दादा. एक ओळ लिहायची म्हटलं तरी ती कुनाच्या गाडीत जाऊन उघडंल, हेच डोक्यात येतं."

"तो कोड मी पन वाचला होता. मी तर इथंच हाये."

"तुमचं तुमाला ठाऊक," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं.

कल्याणनंही गाडी सोडली. हायवेवर पंक्चरचं दुकान टाकलं. अर्पिता तीर्थपुरीत एका क्लासमध्ये मुलींना टायपिंग शिकवते. म्हस्कूंना कुणी विचारलं की ते आता नुसतं "शिकवते" म्हणतात.

या फेब्रुवारीत ॲप पुन्हा अडलं. या वेळी एररच्या पोटात सगळा माग होता; मी वीस मिनिटांत दुरुस्त केलं. तिला बरं वाटेल म्हणून लगेच फोन लावला.

ती म्हणाली, "त्या वीस मिनिटांत गाडीत कोन होतं?"

मी चौकशीच केली नव्हती. तसं सांगितलं.

"विचारा, दादा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.