दत्तारामचं स्वगत

सकाळी पाव घेऊन आलेला पोदेर सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "मास्तर, सोनू कंडक्टर गेलो." मी हात पुढे केलेला तसाच उभा राहिलो. गेला होता तो माझा मित्र दत्ताराम... पण आमच्या पेडण्यात त्याला त्या नावाने हाक मारणारे फारसे उरलेच नव्हते. मरणाची बातमीसुद्धा सोनूच्या नावावर फिरली याचा मला राग आला. महिना उलटला, तो राग अजून गेलेला नाही.

दत्ताराम जन्मभर डिचोलीकडच्या खाणींवर ट्रक चालवत होता. कंडक्टर तो कधीच नव्हता. देवळाच्या जत्रेतल्या एका नाटकात त्याने सोनू कंडक्टर केला. खांद्याला चामडी पिशवी, कानामागे पेन्सिल आणि साऱ्या गावाच्या भानगडी तोंडपाठ. लोक हसून हसून लोळले. पुढच्या वर्षी नाटक निराळं, लेखक निराळा, तरी सोनू हवाच. लग्नाच्या नाटकात सोनू, भुताच्या नाटकात सोनू. ऐतिहासिकात जासूद केला, तर तिथेही त्याने खलिता तिकिटासारखा टर्रकन फाडून हातात ठेवला. पुढे मयेच्या तळ्यावर एका मालिकेचं चित्रीकरण झालं, तेरेखोलला सिनेमावाले आले, त्यांनीही याला पिशवीसकट बोलावलं. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टी, आणि प्रत्येकीत हा आपला तिकिटं फाडतोय. अरे, मालिकेतून सिनेमात जाताना तरी स्वतःचं तिकीट काढलंस का, असं मी चिडवायचो. तो हसायचा, पण मनापासून नाही.

मी आमच्या मंडळाचा प्रॉम्प्टर. गेल्या जत्रेत त्याने हट्टाने बापाची भूमिका मागितली. नदीत बुडालेल्या मुलाची वाट पाहणारा म्हातारा आणि त्याचं लांबलचक स्वगत. मंडळी कुरकुरली, मी भांडून ती त्याला मिळवून दिली. तालमीत तो असा बोलायचा की माझं पुस्तकात लक्ष राहत नसे. जत्रेत मात्र तो पांढऱ्या दाढीत काठी टेकत रंगमंचावर आला आणि कोणीतरी ओरडलं, "तिकीट!" सगळा मंडप हसला. मी विंगेतून वाक्य दिलं, पुन्हा दिलं... त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग काठी काखेत धरली, नसलेली पिशवी खांद्यावर सारखी केली आणि लोकांना हवा तो सोनू देऊन टाकला. स्वगत राहूनच गेलं. आत आल्यावर दाढी सोडवत तो एवढंच म्हणाला, "तेंका सोनू व्हयो होतो रे. बापूस कोणाक व्हयो?"

बाराव्याला त्याच्या घरी गेलो. वहिनी मागच्या पडवीत बसल्या होत्या. जत्रा झाल्यापासून रोज दुपारी जेवल्यावर तो तिथे उभा राहून ते स्वगत म्हणत असे, असं त्यांनी सांगितलं. ऐकायला त्या एकट्याच, झाडूसाठी माडाच्या झावळ्यांचे हीर काढत बसलेल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनीच सुरुवात केली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, सूरही त्याचाच. मला रडू आवरेना.

"पोरा, नदी उतरली, आता तरी घरी..." इथे त्या थांबल्या. सवयीने मी हळूच पुढचा शब्द दिला, "ये."

वहिनींनी मान हलवली.

"मी विसरूक नाय, भावजी. हंयसर ते थांबायचे."