जनरेटरवर न तपासलेले ट्रान्सफॉर्मर

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मी ट्रान्सफॉर्मर डिझाइन करते. बाहेरची वीज कमी-जास्त झाली तरी यंत्राला सारखा व्होल्टेज देणारे. तिथे हे काम मला एकटीलाच येतं. त्यामुळे पुण्यात नोकरी मिळाल्यावर मालकांना सांगायचं कसं, यातच माझा आठवडा गेला. एका सोमवारी मन घट्ट करून पोलादपूरच्या घरून महाडची बस पकडली.

पोचले तर मालक मावशींवर ओरडत होते. डोंगरातल्या वाडीवरून येणाऱ्या या मावशी आमच्या सगळ्या कॉइल गुंडाळायच्या. एका औषध कारखान्याने आमच्याकडून घेतलेले सहाही ट्रान्सफॉर्मर परत पाठवणार म्हणून कळवलं होतं. त्यांची यंत्रं मधेच बंद पडत होती.

"वेढे मोजता येत नसतील तर घरी बसा!"

"मोजलेत ओ सायेब. एक पन कमी नाय," मावशी म्हणाल्या.

मी मीटर घेऊन त्या कारखान्यात गेले. सगळं ठीक होतं. दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि मीटरवरचा आकडा खाली आला. लोड पडला की जनरेटर मंदावायचा, फ्रिक्वेन्सी घसरायची आणि तिच्याबरोबर आमचा व्होल्टेजही. या जातीच्या ट्रान्सफॉर्मरचा हा दोष मला ठाऊक होता. जनरेटरचा विचार मीच केला नव्हता.

गप्प बसले असते तर महिन्याभरात पुण्यात असते. परत येऊन मालकांना म्हटलं, "चूक माझी आहे. मावशींची नाही."

ते म्हणाले, "मग निस्तरा तुम्हीच. सहाही. आणि आधी ज्यांना दिलेत, त्यांचेही."

यानंतर मालकांपुढे पुण्याचं नाव काढायला तोंडच उरलं नाही. पुण्याला फोन करून रुजू व्हायला मुदत मागितली, ती त्यांनी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना मावशींनी डब्यातली भाजी माझ्यापुढे सरकवली. "ताई, तुमच्यामुलं काम टिकलं माजं." मला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली. भाजी मात्र खाल्ली.

नवं डिझाइन जमायला पावसाळा गेला. ते जनरेटरवरही नीट चालतं, म्हणून मागणी वाढली. मालक आता येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात, "यांच्याशिवाय आमचं पानही हलत नाही." मी मान खाली घालून पुढच्या कॉइलच्या वेढ्यांचा हिशेब करत बसते.