डेल्फा रॅटलिफची जबानी

डेल्फा रॅटलिफनं सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. केंटकीच्या त्या खोऱ्यातली निम्मी माणसं तिच्या हातचा मक्याचा पाव खाऊन मोठी झालेली. कुणाशी वाकडं बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागला, धुतलेले कपडे पिवळे पडायला लागले, तेव्हा वरच्या अंगाच्या कारखान्यावर दावा लावायला आठ घरं गोळा केली ती तिनंच.

आता कारखान्याचा वकील शपथेवर तिची जबानी घेणार होता आणि आठवडाभर ती मनाशी वर्षंच मोजत होती. नुकसान लक्षात आल्यापासून पाच वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, असं तिची वकील मिस ओकली सहज बोलून गेली होती. खालच्या सात घरांचं पाणी दाव्याच्या तीन वर्षं आधी बिघडलं होतं. डेल्फाचं घर कारखान्याला लागून. दावा लावला तेव्हा तिला पहिल्यांदा वास आल्याला सहा वर्षं झाली होती.

"मग तूही तीनच सांग ना," शेजारीण इमोजीन म्हणाली. "तुझ्या विहिरीत कोण डोकावलं होतं तेव्हा?"

"बायबलवर हात ठेवायचाय गं."

"ठेव की. पण तुझ्यामुळे आम्ही सगळे बुडालो, तर चर्चमध्ये आमच्या शेजारी बसू नकोस."

जबानीच्या दिवशी सकाळी, गाडीतून उतरता उतरता, डेल्फानं मिस ओकलीला सगळं सांगून टाकलं. ऐकून मिस ओकलीचा चेहरा उतरला.

"आज सांगताय, मिस डेल्फा? खोटं बोला असं मी म्हणणार नाही. पण तुमचा दावा बहुतेक जाईल."

"आणि बाकीच्यांचा?"

"देव जाणे. तुम्हाला कळलं तेव्हाच त्यांनाही कळायला हवं होतं, असं कारखाना म्हणेल."

कारखान्याचा वकील मोठा गोड माणूस. तासभर त्यानं तिला धुणं, बाग, नातवंडं असलंच विचारलं. कोपऱ्यातली बाई शब्द न् शब्द टिपत होती. मग चष्मा पुसत तो म्हणाला, "मॅडम, वास पहिल्यांदा कधी आला?"

तीन म्हणावं? डेल्फाच्या डोळ्यांसमोर इमोजीनचं तोंड आलं.

"दाव्याच्या सहा वर्षं आधी. मे महिन्यात."

"नक्की?" त्याच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

"नक्की. त्याच आठवड्यात मी तुमच्या मॅनेजरला पत्र घातलं होतं."

त्याचं पेन थांबलं. त्यानं घाईनं दुसराच विषय काढला. मिस ओकलीनं मात्र त्या पत्राचा पिच्छा पुरवला.

महिन्याभरात न्यायाधीशांनी डेल्फाचा दावा फेटाळला. इमोजीन दुकानात दिसली की तोंड फिरवायची. आपण सगळ्यांना खड्ड्यात घातलं, या विचारानं डेल्फाची झोप उडाली. पण कोर्टाच्या हुकुमावरून कारखान्याला कागद उघडे करावे लागले, आणि ते पत्र सापडलं. वर मॅनेजरच्या अक्षरात शेरा: 'उत्तर देऊ नये.' आम्हाला काही माहीतच नव्हतं, हे कारखान्याचं पालुपद तिथंच संपलं. ज्यूरीनं सातही घरांच्या बाजूनं निकाल दिला; भरपाईच्या पैशात त्या सात घरांना नळ घेता येणार होता.

निकालाच्या वेळी डेल्फा कोर्टात मागच्या बाकावर बसून होती. बाहेर इमोजीननं तिला गाठलं.

"नळ आला की माझ्याकडून पाणी नेत जा," ती खाली बघत म्हणाली.

डेल्फानं मान हलवली. रोज बादली घेऊन तिच्या दारात जाणं आपल्याला जमेल की नाही, हे मात्र तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.