मोठ्या गंजाचं भाडं

आमच्या गावच्या नवतरुण नाट्य मंडळातला सगळ्यात तरुण सभासद मी आहे, आणि मला नातू आहे. यावरून मंडळाचं वय समजून घ्या. केशोराव कापगत्यांनी ते काढलं, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, गावाचं स्वतःचं नाटक व्हावं म्हणून. नाटकासाठी सतरंज्या घेतल्या, दिवे घेतले, नटांच्या जेवणासाठी भात शिजवायचे मोठाले गंज घेतले. मग गावातली लग्नंही त्याच सामानावर होऊ लागली. भाडं घेतलं की भांडणं व्हायची, म्हणून केशोरावांनी नियम करून टाकला: ज्याच्या चुलीवर मंडळाचा गंज चढेल, त्यानं नाटकात घरचं एक माणूस द्यावं. तेव्हापासून आमच्याकडे नटांचा तुटवडा नाही. अभिनयाचा आहे, ती गोष्ट वेगळी.

केशोरावांनंतर सामानाची किल्ली त्यांच्या सुनेकडे आली. ही आमची कुंदावहिनी. तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. कोहमाऱ्याच्या एका ढाबेवाल्यानं गंज नेला, तर त्यालाही तिनं स्टेजवर आणलं आणि बोलता येत नाही म्हणाला म्हणून झाड केलं. बहिणीच्या लग्नापायी मी हवालदार झालो, तो आजवर हवालदारच आहे. कोणी लाजायला लागलं की वहिनी म्हणायची, "लाज वाटून राहिली म्हणतं? पंगतीत बसताना नाही वाटली?" एक पोटनियम तिनं स्वतःचा घातला होता. नव्या सुनेला पहिल्या वर्षी पुढे करायचं नाही. लोक तेवढ्यासाठीच सून आणतील, असं तिचं म्हणणं.

ती स्वतः मात्र कधी स्टेजवर चढली नव्हती. तिच्या घरी लग्नच निघालं नव्हतं, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग वैशाखात तिच्या ओमेशचं लग्न झालं. गाव पोटभर जेवलं आणि मंडईची वाट पाहत बसलं.

घरात माणसं मोजकी. नवरा दुधरामभाऊ मंडळाचे पेटीवाले, म्हणजे आधीच नाटकात, ते धरायचे नाहीत. ओमेश पुण्याच्या कंपनीत, दिवाळीला सुट्टी नाही. उरली वहिनी. आणि गावाला ढकलणारी ही बाई आतून पार घाबरलेली निघाली. गोंदियाची नवी सून डिंपल म्हणाली, "मम्मीजी, टेन्शन मत लो, मैं कर लेती हूँ." वहिनीनं नकारार्थी मान हलवली.

तलावाच्या पाळीवर भेटली तेव्हा मला म्हणाली, "भाऊ, नियम मीच चालवला. मीच मोडला त उद्या कोण ऐकन? पण लोकं पाहून राहिले की माझी जीभच वळत नाही." मला तिची कीव आली. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली.

नाटक तीन अंकी. पहिल्या अंकाच्या शेवटी पंचायत भरते, नायकावर कंठी चोरल्याचा आळ येतो, आणि गावातली एक बाई उठून म्हणते, "चोर हा नव्हे." एवढंच वहिनीचं काम. खरा चोर असतो सावकार, तो तिसऱ्या अंकात उघडा पडतो. सावकार आमचा अध्यक्ष खेमराज. पश्चात्तापाचं लांबलचक भाषण त्याला होतं, आणि ते पाठ करताना त्यानं घरच्या बकऱ्यांनाही रडवलं होतं म्हणतात.

मंडईला मांडव गच्च भरला. वहिनी उभी राहिली. शब्द काही फुटेना. मी हवालदार, मीच विचारलं, "कोणी काही पाहिलं काय?" पुन्हा विचारलं. वहिनी नुसती पदर चुरगाळत होती. पण मांडवात कोणी हसलं नाही. घरटी एक माणूस तिच्यामुळे कधी ना कधी त्या स्टेजवर तसंच उभं राहिलेलं होतं.

शेवटी नाइलाजानं मी नायकाला, म्हणजे स्वप्निलला, धरून निघालो. त्यानं वळून वहिनीला हात जोडले. हे नाटकात नव्हतं.

"कुठं घेऊन चालला रे त्याले?" वहिनी कडाडली. "चोर हा नव्हे."

टाळ्या पडल्या. इथं तिनं खाली बसायचं होतं. पण वहिनीला एकदा सूर लागला की लागला. "चोर तो बसला, सावकार. कंठी त्याच्याच कोठीत पुरून हाय. जा, धर त्याले."

पहिल्याच अंकात चोर सापडला. लोक शिट्ट्या मारू लागले. मी हवालदार, समोर साक्षीदार. काय करणार, खेमराजला धरलं. त्याचं भाषण राहूनच गेलं. उरलेला वेळ दंडारवाल्यांना बोलावून त्यांच्या नाचगाण्यावर काढला. एवढं आटोपशीर नाटक गावानं पाहिलं नव्हतं.

खेमराज दोन महिने फुगून होता. माघात बैठक बसली तेव्हा त्यानं सुरुवातीलाच सांगितलं, की यापुढे साक्षीदाराचं काम जरा कमी बोलणाऱ्याला द्यावं. तेवढ्यात वहिनी किल्ली घेऊन आली.

"मोठा गंज मले लागते," ती म्हणाली.

"कोणाचं लग्न हाय?" खेमराजनं विचारलं.

"लग्न नाही. पोहे करायचे हायेत."

"घरात तुम्ही तिघं. पोह्याले एवढा गंज कायले पाहिजे?"

"तुले काय करायचं? भाडं देतो ना मी. मंडईत मीच उभी राहीन." मग तिचा आवाज खाली आला. "एवढी वर्षं मी साऱ्यायले ढकलत राहिली. मले कोणी ढकललंच नाही."

खेमराज उठला, त्यानं गंजाची एक कडी धरली, दुसरी मी धरली, आणि आम्ही तो तिच्या घरी पोचवून आलो.