डॉक्टरचा आवाज

आमच्या म्हैसूरच्या मराठी मंडळात मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे येतं, कारण एकदा मी ते वेळेवर लिहून दिलं होतं. गेल्या गणेशोत्सवात एका कन्नड चित्रपट अभिनेत्याचा सत्कार ठरला. घराणं मराठी, म्हैसूरच्या जुन्या फौजेतलं. त्यांचं नाव सांगितलं तर कुणाला काही आठवत नाही, फोटो दाखवला की लोक म्हणतात, “अरे, हे तर डॉक्टर.” सचिवांनी ‘सिनेसृष्टीचा ध्रुवतारा’ हे शब्द मला आधीच काढून दिले होते. ध्रुवतारा एका जागी थांबतो. हे गृहस्थ तीस वर्षं ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर येत होते आणि चष्मा काढून निघून जात होते.

मी कुवेंपुनगरला राहतो, ते चामराजपुरमला. स्कूटरवर दहा मिनिटं. गेलो आणि वही उघडली.

“काका, आवडत्या भूमिका कोणत्या?”

“भूमिका कसल्या, सर. डॉक्टर, इन्स्पेक्टर, पोरीचा मामा. मामा असला की लग्नाचा सीन. ताटात जिलबी असायची.”

“खायला द्यायचे नाहीत,” काकू आतून म्हणाल्या. “कंटिन्युइटी म्हणे, प्रत्येक शॉटला ताट तसंच दिसायला हवं. घरी येऊन जेवायचे.”

मला त्यांच्या आवाजाचं कुतूहल वाटत होतं. माणूस सहा फुटी, आवाज बारीक. पडद्यावर मात्र गडगडाट ऐकल्याचं आठवत होतं. विचारलं, तर ते अगदी सहज म्हणाले, “तो माझा नाही.” डबिंग महिन्याभरानं व्हायचं, तेही दुसऱ्या गावात. दोन वाक्यांसाठी म्हैसूरहून माणूस कोण बोलावणार? स्टुडिओत एकच गृहस्थ एका बैठकीत इन्स्पेक्टर, वकील आणि भटजी उरकायचा. डॉक्टरही त्याच्याच वाट्याला.

“एकदाच मला बोलावलं,” काका म्हणाले. “तो आजारी होता. एक पूर्ण सीन मी बोललो, माझ्या आवाजात. तेवढं लिहा. बाकी काय पण लिहा.”

मी लिहून घेतलं. मग त्यांचाच चेहरा बदलला. तो सिनेमा त्यांनी पाहिलाच नव्हता. लागला तेव्हा ते सरगूरला दुसऱ्या शूटिंगवर होते आणि ते परत येईपर्यंत उतरला होता. टीव्हीवरही कधी आला नाही.

“नंतर तो बरा होऊन आला असला, तोच सीन परत बोलला असला तर? तुम्ही माइकवर वाचणार. सगळ्यांसमोर खोटं नको, सर. नक्की कळेपर्यंत ते वाक्य घालू नका.”

आमच्या मंडळात मानपत्रातल्या वाक्याची खातरजमा करा असं सांगणारा सत्कारमूर्ती मी पहिल्यांदाच पाहिला. मग मीही हट्टाला पेटलो. सिनेमाचं नाव त्यांना नक्की आठवत नव्हतं, नायिका आठवत होती. तेवढ्यावरून चार संध्याकाळी मोबाइल धुंडाळला. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवलेली प्रत सापडली, मध्येच रंग उडालेली. तो सीन त्यांच्याबरोबरच पाहायचा असं ठरवून मी सिनेमा त्याच्या आधीच थांबवला.

रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये मोबाइल टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. काकू हात पुसत येऊन बसल्या. दार उघडलं, तरणेबांड काका बाहेर आले, चष्मा काढला. कन्नडमध्ये तीन वाक्यं: खूप प्रयत्न केले, उशीर झाला होता, मुलाला आत पाठवा. आवाज बारीक होता.

“अय्यो, तुम्हीच की,” काकू म्हणाल्या.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. “हा मी नाही.”

“काका, मला तरी तुमचाच वाटतो,” मी म्हणालो.

“माझा एवढा पातळ नाही. दुसरा कुणी असेल, नवीन पोरगा. सर, ते वाक्य काढा.”

“सर, काढू नका,” काकू म्हणाल्या. “मी लग्नाआधीपासून ऐकते हा आवाज. ह्यांच्या घराच्या मागच्या बाजूला राहायचो आम्ही. ह्यांना आतून वेगळा ऐकू येतो, त्याला मी काय करू?”

“तुला काय कळतं डबिंगमधलं?”

“डबिंगमधलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं. बघा, उशीर झाला म्हणायच्या आधी घसा खाकरलाय. वाईट सांगायचं असलं की तुम्ही खाकरताच. भाड्याने आणलेला माणूस तसं खाकरेल?”

मी सीन मागे नेला. खाकरणं होतं, अगदी स्पष्ट. काकांनी मोबाइल उचलला, स्क्रीन खाली करून टीपॉयवर पालथा ठेवला आणि म्हणाले, “चित्र नको. नुसतं लावा.”

लाकडाला चिकटून आवाज आणखीच बारीक येत होता. तीन वाक्यं झाली. त्यांनी परत लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. काकू उठून कुकर बंद करून आल्या तरी ते वाकूनच बसलेले.

“शेवटचं वाक्य घाईत म्हटलं मी,” काका म्हणाले. “मुलाला आत पाठवायच्या आधी स्वल्प थांबायला पाहिजे होतं.”

मी वही काढली आणि त्यांच्या आवाजातल्या सीनचं ते वाक्य मानपत्रात सगळ्यात वर घेतलं. ध्रुवताऱ्यासाठी जागा उरली नाही.