आत्याचा डावा गुडघा

माझ्या आत्याला कामावर 'तोफ' म्हणतात. घरी आम्हीही तेच म्हणतो, पण मनातल्या मनात. ती गाड्या चालवते, आणि त्याही अशा, ज्या अजून कुणाला विकत मिळत नाहीत. कारखान्याच्या डिझेल पिकअपचं नवं मॉडेल बाजारात येण्याआधी त्याचे मोजके नमुने तयार होतात. बाहेरच्यांना आकार कळू नये म्हणून त्यांच्या अंगभर काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांचे स्टिकर चिकटवतात, मागच्या हौद्यात वाळूची पोती भरतात आणि गाडी आत्यासारख्यांच्या हवाली करतात. खड्डे, चिखल, चढ-उतार, बाजारातली गर्दी, सगळीकडे ती पिटाळायची आणि काय मोडतं ते सांगायचं. "मोडायचा पगार घेते मी," असं आत्या पाहुण्यांना सांगते. पाहुणे पुन्हा तिच्या हातात कपबशी देत नाहीत.

या लोकांचा एक नियम आहे: दर आठवड्याला गाडी बदलायची. एकाच गाडीवर बसून राहिलं की तिच्या खोडी हातापायांच्या अंगवळणी पडतात आणि मग दोष दिसेनासा होतो. हा नियम आत्यानेच लावून धरला होता. कुणी ड्रायव्हर गाडीच्या प्रेमात पडलेला दिसला की ती चारचौघांत त्याची बिनपाण्याने करायची.

मग चाचणी विभागाला नवे साहेब आले. आत्याच्या पांढऱ्या केसांकडे बघून म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही सपाट रस्त्यावरची गाडी घ्या. घाट तरुणांना करू द्या."

झालं! आत्याचं टाळकं सरकलं. घाटातल्या गाडीची किल्ली तिने खिशात घातली ती काही केल्या बाहेर काढेना. आठवडे उलटले. नियमाची आठवण करून द्यायला तोफेच्या तोंडी कोण जाणार? शेवटी तिने शेरा दिला: गाडी ठणठणीत, उतारावर तर एकदम भरवशाची. तिच्या शब्दावर तिथे कुणी शंका घेत नाही. साहेबांनी मान डोलावली आणि कारखान्यात उत्पादनाची तयारी सुरू झाली.

माझे बाबा शिंपी आहेत. आत्याच्या कामाच्या पॅंटी तेच शिवतात आणि तेच दुरुस्त करतात. त्या रविवारी मशीन चालवता चालवता ते थांबले.

"ताई, ही गुडघ्यावर विरलीय."

"मग? गुडघे विरतातच."

"समोरून विरतात. ही बाहेरच्या बाजूने विरलीय, आणि फक्त डावीकडे. दुसऱ्या पॅंटचंही तेच. घासतेस तरी कशावर?"

"काहीतरीच तुझं! मी कशाला घासेन?"

पण ती खुर्चीत बसली. हवेतलं स्टिअरिंग धरलं, डावा हात खाली नेऊन खोटाच गिअर टाकला. आणि तिचा डावा गुडघा आपोआप बाजूला कलला, गिअरचा दांडा असतो तिथे. आत्याने पुन्हा एकदा गिअर टाकून पाहिला, गुडघा पुन्हा तिथेच.

"तिसरा," ती हळूच म्हणाली. "उतारावर तिसरा गिअर निसटतोय. मी त्याला गुडघ्याने दाबून धरतेय. आणि माझा मलाच पत्ता नाही!"

त्या गाड्या उद्या लोक घेणार होते, भाजी नाहीतर सिमेंट भरून घाट उतरणार होते. गुडघा लावा, असं त्यांना कोण सांगणार होतं?

"आता बोललात तर त्या साहेबाला आयतंच निमित्त मिळेल," आई म्हणाली. "वय झालं म्हणेल आणि घाट काढून घेईल."

आई म्हणत होती त्यात काही चूक नव्हतं. घाट म्हणजे आत्याचा जीव की प्राण, आणि तो गेला तर ती घरात कशी वागेल या विचाराने मलाच धडकी भरली.

"म्हणू दे काय म्हणायचं ते," आत्या उसळली. "चुकले ते मी चुकले. शेपूट घालणार नाही."

सोमवारी ती तीच पॅंट घालून साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलंय, त्यामुळे साहेबांचा आवाज जरा बारीक आहे.

"माझा शेरा परत घ्या. उतारावर तिसरा निसटतो."

"मॅडम, गाडीतल्या नोंद घेणाऱ्या यंत्रावर तसं काहीच आलेलं नाही."

"येईल कसं? गुडघा मध्ये होता माझा. नियम मी मोडला, तुमची जिरवायची होती म्हणून. आता उठा, गाडीत बसा."

"मी?"

"मग कोण? माझ्या गुडघ्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी विश्वासाचं माणूस नको?"

पोत्यांनी लादलेली गाडी घाटमाथ्यावर आली. आत्याने तिसरा टाकला आणि डावा पाय स्वतःकडे ओढून घेतला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, काहीच झालं नाही. साहेब हसायच्या बेतात होते. तेवढ्यात एक खड्डा आला, दांडा टक्कन निसटून मधोमध, न्यूट्रलवर आला, इंजिनाची घरघर एकदम बसली आणि गाडी मोकळी सुटली. साहेबांनी दोन्ही पाय असे दाबले, जसा काही ब्रेक त्यांच्याच बाजूला होता. आत्याने खरा ब्रेक मारत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि थांबवली.

उत्पादन थांबवायचा फोन साहेबांनी तिथूनच केला, हे मान्य केलं पाहिजे. माणूस आडमुठा होता, खोटा नव्हता. फोन ठेवून, घाम पुसून ते म्हणाले, "पण नियम तुम्हीच मोडलात. तुम्हाला घाटावरून काढावं लागेल."

"या गाडीवरून काढा, मी आपण होऊन उतरते. पण घाटात दुसरा पाठवाल तो स्वतःच्या विरुद्ध साक्ष देणारा पाठवा. सापडला की सांगा, किल्ली त्याच्या हातावर ठेवते."

असा कुणी अजून सापडलेला नाही. आत्याची गाडी आता दर आठवड्याला बदलते, घाट मात्र तोच आहे. आणि आठवडा संपला की ती आपली पॅंट आणून बाबांच्या मशीनवर आपटते. बाबा चष्मा चढवून दोन्ही गुडघे उजेडात धरतात.

"बघ नीट," आत्या दरडावते. "खोटं बोलत नाहीये ना मी?"